गावतळ्यावर पक्षीनिरीक्षण सुरू करताना: आधी वही, पाटी नंतर

करमाळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांनी सविस्तर लिहून विचारले आहे. गावाला उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ आहे, वरच्या अंगाला पाझर तलाव आहे आणि त्याला लागून गायरानाचा माळ. हिवाळ्यात पक्षी उतरतात. गावातले दहा-बारा तरुण आणि सातवी-आठवीची मुले पक्षीनिरीक्षणाला तयार आहेत. प्रश्न असे: सुरुवात कुठून करायची, खर्च किती? मच्छीमार आणि शेतकरी "उद्या तुम्ही अभयारण्य आणाल" म्हणून बिथरलेत, त्यांना काय सांगायचे? शनिवार-रविवारी कॅमेरेवाले येऊ लागलेत, त्यांना आवरायचे कसे? आणि ग्रामपंचायत यंदा "पक्ष्यांसाठी" माळावर पाचशे झाडे लावणार आहे, ते चांगलेच ना?

सर, भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत मी १९९७ पासून पक्षी मोजतो आहे, आणि गावकऱ्यांबरोबर बसून त्या पक्ष्यांचे काय करायचे तेही ठरवतो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाची घाई आहे, कदाचित खड्डे खणायला सुरुवातही झाली असेल, म्हणून तोच आधी घेतो. माळावर झाडे लावू नका. आजच सरपंचांना भेटा.

माळ ओसाड दिसतो. कागदावर तो 'पडीक' असतो आणि पडीक म्हटले की प्रत्येकाला तिथे काहीतरी करावेसे वाटते. पण नोव्हेंबरात एकदा सूर्य उगवताना त्या माळावर उकिडवे बसा. चंडोल वर चढत चढत गाताना ऐकू येईल. पखुर्डींची जोडी पायाखालून उडेपर्यंत दिसणार नाही. धाविक दिसला तर मुले त्याला विसरणार नाहीत: चार पावले धावतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. हे सगळे पक्षी जमिनीवर राहतात आणि जमिनीवरच अंडी घालतात. चारही बाजूंना लांबवर दिसणे हेच त्यांचे संरक्षण. तिथे झाडे उभी राहिली की कावळ्यांना बसायला जागा मिळते आणि अंडी-पिल्ले त्यांच्या नजरेखाली येतात. झाडांच्या सावलीत गवत मरते. रात्री गवतात मुक्कामाला उतरणारे भोवत्या, म्हणजे मध्य आशियातून येणारे ते लांब पंखांचे शिकारी पक्षी, एकदा उठून गेले की परत येत नाहीत. सामाजिक वनीकरणाच्या नावाने गिरिपुष्प लावून गेलेले माळ मी पाहिले आहेत. तिथे हिरवे आहे, पण चंडोल नाहीत.

ही माझी एकट्याची कुरकूर नाही. 'भारतातील पक्ष्यांची सद्यस्थिती' हा अहवाल २०२३ मध्ये आला, देशभरातल्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा असलेला. त्यात ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला आणि त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या निघाल्या. ज्यांना माळ, गवत आणि उघडे रान लागते त्यांची घसरण फार मोठी आहे. आपला नीलपंख, ज्याला जुनी माणसे चास म्हणतात आणि दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तोसुद्धा घटलेल्यांत आहे.

आता ग्रामपंचायतीला पाचशेचा आकडा पुरा करायचा असणार, आणि सरपंचांना नुसते 'नको' सांगून चालणार नाही. त्यांना जागा दाखवा. ओढ्याच्या काठाने, पाझर तलावाच्या सांडव्याखाली, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ज्याची तयारी असेल त्याच्या बांधावर. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच, बाभूळ, बोर. वडाला फळ धरले की तांबट, हरियाल, बुलबुल, साळुंक्या सगळे तिथे जेवायला येतात. (हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण फार थोड्या मुलांनी तो पाहिलेला असतो. वडाखाली मान वर करून पंधरा मिनिटे उभे राहायला लावा. पानांच्या रंगाचा तो पक्षी हलला की मगच दिसतो.) माळासाठी करायचे एवढेच: वणवा लावू द्यायचा नाही, मुरूम उचलू द्यायचा नाही, आणि मेंढपाळांशी बोलून माळाचा एक तुकडा पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंत राखायचा, म्हणजे गवताला बी धरेल. चराई कायमची बंद करू नका. माळ आणि मेंढरे शेकडो वर्षे एकत्र आहेत. बेताने चरलेल्या माळावर धाविक अधिक दिसतो, कारण त्याला धावायला मोकळी जमीन लागते.

आता अभयारण्याची भीती.

ही भीती खोटी नाही, आणि ती खोटी असल्यासारखे बोलाल तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आपल्या जिल्ह्याने ते भोगले आहे. १९७९ मध्ये माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे होती, शेते होती, शहरवस्तीसुद्धा होती. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, विहीर, प्रत्येक ठिकाणी लोकांना अडचण आली. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आणि माळढोक? आज त्याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला तो दिसणे अपवादच. एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले होते, "माझ्या आज्याच्या रानात हे पाखरू यायचं, आमी कधी हुसकलं नाही. कागद आला आणि आमीच चोर झालो." या माणसाला पक्ष्याविषयी काही सांगायची गरज नव्हती. तो त्या पक्ष्याचा शेजारी होता. आपण त्याला परका केला.

म्हणून ग्रामसभेत उभे राहून सरळ सांगा: अभयारण्य जाहीर करणे आपल्या हातात नाही आणि आपण ते मागतही नाही. आपण आपल्या गावचे पक्षी मोजतो आणि ती नोंद गावाकडे ठेवतो. त्यासाठी कायद्यातच जागा आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्याकडेही ती कागदावर असेलच, पण सदस्यांनाच ठाऊक नसेल. या समितीने 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायची असते. तुमच्या मोजण्या त्या वहीत जाऊ द्या. या नोंदीने कोणाच्या सातबाऱ्यावर काही चढत नाही. उलट उद्या तलावात भराव टाकायला किंवा माळावर खडी क्रशर टाकायला कोणी आले, तर गावाकडे स्वतःचा लेखी पुरावा असतो.

लोकांना उदाहरण हवे असेल तर इंदापूरला घेऊन जा, लांब नाही. तहसील कचेरीच्या आवारात जुन्या चिंचांवर चित्रबलाक हे करकोचे घरटी करतात. वनाधिकारी आणि लेखक असलेल्या आमच्या मारुती चितमपल्लींनी अशा वसाहतीला 'सारंगागार' हा सुंदर शब्द दिला. खाली खेडोपाडीचे लोक सातबारा घ्यायला उभे, वर काड्या ओढण्याची खडखड आणि पिलांचा कलकलाट. विष्ठा पडते, माशांचा वास येतो, आणि तरीही माणसे आणि पक्षी एकाच आवारात नांदतात. तिथे लोकांनी ते चालवून घेतले आहे, याहून मोठे संरक्षण मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण फार लांबचे आहे, पण मी ते प्रत्येक गावात सांगतो. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयावर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो अमूर ससाणे उतरतात. २०१२ च्या हंगामात तिथे मासेमारीची जाळी उभी टांगून सव्वा लाखाच्या आसपास ससाणे पकडल्याचा अंदाज आला. विक्रीसाठी. देशभर आरडाओरडा झाला. पण बाहेरून कोणी नुसता दंडुका आपटून ते थांबले नाही. पांगतीसारख्या गावांच्या ग्रामपरिषदा, चर्च आणि स्वतः जाळी लावणारे लोक एकत्र बसले, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ ला, शिकार थांबली. तिथल्या काही पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा ते महाराष्ट्रावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरतात हे दिसले. लोणावळ्याच्या पठारांवर हिवाळ्याच्या तोंडाला दिसणारा अमूर ससाणा पांगतीच्या माणसांनी सोडलेला असू शकतो. हे ऐकल्यावर मच्छीमारांच्या घोळक्यात शांतता पसरते, कारण जाळे म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

मच्छीमारांचे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो होतो. पहिल्या दोन वर्षांत मी काठावर जाऊन 'तुमच्या जाळ्यांत पक्षी मरतात' असे सांगत असे. खरे होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्याशी कोणी बोलेना, होडीतही घेईना. मग एका सकाळी एका वृद्ध मच्छीमाराच्या होडीत नुसता बसलो. काही बोललो नाही, जाळी ओढायला हात लावला. तिसऱ्या जाळ्यात वारकरी अडकलेला, जिवंत. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा म्हणून त्याला वारकरी म्हणतात. त्याची बोटे बदकासारखी सलग पडद्याची नसतात. प्रत्येक बोटाला वेगळ्या पाकळ्या असतात, झालरीसारख्या, आणि त्या पाकळ्यांत तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, असा रुततो की ओढला तर बोट तुटते. म्हाताऱ्याने पक्ष्याच्या डोक्यावर ओला पंचा टाकला, तो शांत झाला, मग दातांनी आणि विळीच्या टोकाने एकेक फास तोडला. दहा-बारा मिनिटे गेली. जाळ्याला हातभर भोक पडले. सोडल्यावर म्हणाला, "ह्यो फाडतो जाळं, आणि आमी परत विणतो. पर मेलेला निघाला की दिवस वाईट जातो."

तोवर मी समजत होतो की त्यांना पर्वा नाही. मग आम्ही वेगळे विचारू लागलो: पक्षी कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात अडकतात? उत्तरे त्यांनीच दिली. उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या कडेला, पहाटे. आणि सर्वांत जास्त, फाटून सोडून दिलेल्या जाळ्यांत, जी कोणाचीच नसतात आणि महिनोन्‌महिने मारत राहतात. म्हणून ठरले ते एवढेच: फाटका तंगूस पाण्यात टाकायचा नाही. होड्या लागतात तिथे एक पोते टांगले. भरले की मुले रिकामे करतात. दुसरे, हिवाळ्याचे तीन महिने एका उथळ वळणात पहाटे जाळे टाकायचे नाही. ते वळणही त्यांनीच निवडले, मासा तसाही तिथे कमीच होता. हे दोन्ही नियम कोणत्या सरकारी पत्रात नाहीत, पण पाळले जातात.

भिगवणच्या बाजूला कुंभारगाव, डिकसळला जाऊन या. तिथे मच्छीमारांच्याच होड्या आता पक्षी दाखवायला जातात आणि घरची बाई पाहुण्यांना माशाचे जेवण करून घालते. पण तुमच्या गावात पहिल्याच वर्षी पर्यटनाची स्वप्ने दाखवू नका. पाणी कमी-जास्त झाले, रोहित (फ्लेमिंगो) आले नाहीत, की लोकांना फसवल्यासारखे वाटते. पैसा आला तर होडीवाल्याचा, हे मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका. मंडळाने त्यात हात घातला की भांडण ठरलेले.

शेतकऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे पडतात. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणाऱ्या या गुलाबी मैना. संध्याकाळी फुगवट्यावर त्यांचे थवे धुरासारखे वळतात तेव्हा पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि ज्याची दोन एकर ज्वारी उभी आहे तो मुकाट पाहतो. त्याला 'भोरडी नाकतोडे खाते' हे सांगू नका, जरी ते खरे असले तरी. माचाणावर बसून गोफण फिरवणे, डबा वाजवणे, पाखरे हाकणे हा त्याचा हक्कच आहे. आपले मागणे इतकेच ठेवा की विष कालवायचे नाही, आणि डाळिंब-द्राक्षावर जाळी टाकायची तर बारीक घराची, ताणून, सैल लोंबणारी नको, आणि सकाळ-संध्याकाळ एक चक्कर. उंदीर हा दोघांचा शत्रू आहे, तिथून बोलणे सुरू करा. तारेवर बसणारी पांढरी-करडी कापशी दिवसा उंदीर धरते आणि गव्हाणी घुबड रात्री. ज्या शेतकऱ्याने एकदा घुबडाच्या गुळण्या, म्हणजे न पचलेल्या हाडा-केसांचे ओकलेले गोळे, फोडून त्यातल्या उंदरांच्या कवट्या पाहिल्या, तो अमावास्येला घुबड धरायला आलेल्या माणसाला शेतात पाऊल टाकू देत नाही. हे मुलांकडून करून घ्या. जुन्या वाड्याखाली, विहिरीच्या कडेला गुळण्या सापडतात. कोमट पाण्यात भिजवून टाचणीने सोडवायच्या, हाडे कागदावर मांडायची.

आता सुरुवात. खर्च फार नाही. दोन दुर्बिणी दहा जणांना पुरतात. त्या ८ गुणिले ४२ च्या घ्या: आठपट मोठे दिसते, भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, पहाटेच्या अंधूक उजेडातही चालते. वीसपट दाखवणाऱ्या स्वस्त दुर्बिणी जत्रेत मिळतात. हात जरा हलला की चित्र नाचते, मुले कंटाळतात. बाकी एक शंभर पानी वही आणि पेन्सिल. दवाने पेनाची शाई पसरते, म्हणून पेन्सिलच.

पहिल्या महिन्यात पुस्तकातली नावे शिकवू नका. मुलांना घरी पाठवा: आजीला, चुलत्याला, मेंढक्याला विचारून या, आपल्याकडे कोणत्या पाखराला काय म्हणतात. वही भरून येते. पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो हे सगळ्यांना ठाऊक असते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, हे निम्म्यांना. आणि एखादी आजी असे नाव सांगते की मीही ऐकलेले नसते. या नावांपुढे मग पुस्तकातले नाव लिहायचे. त्याने दोन गोष्टी होतात: नोंद पक्की होते, आणि ज्याला विचारले तो माणूस आपल्यात येतो. चितमपल्ली मूळचे सोलापूरचेच, आणि त्यांनीही अर्धी विद्या रानातल्या माणसांकडून घेतली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळेच्या कार्यक्रमाला तो मुहूर्त धरा, मोजणी मात्र त्याआधी सुरू झालेली असू द्या.

मोजणीचा एकच नियम मी सांगतो: तीच जागा, तीच वाट, तीच वेळ. महिन्यातून दोनदा, सूर्य उगवल्यापासून दोन तास. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोजणाऱ्याने पक्ष्यांवरून नजर हटवायची नाही. हजारभर बदके असली तर घाबरू नका. आधी दहा मोजा, ती दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या वेगळे काढता येईपर्यंत 'बदके, ओळख नाही' असे लिहा. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. काहीच दिसले नाही तर 'शून्य' लिहा आणि खाली तारीख घाला. पाणी किती आहे ते प्रत्येक मोजणीला लिहा: सांडव्याच्या कितव्या पायरीपर्यंत, गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) कुठवर आली. फुगवट्यावर पक्ष्यांचे गणित पाण्याच्या पातळीवर चालते. पाणी ओसरून गाळ उघडा पडला की रोहित उतरतात. भरलेल्या वर्षी ते दुसरीकडे जातात. पाण्याची नोंद नसेल तर चार वर्षांनी तुम्ही म्हणाल पक्षी घटले, आणि घटले नसतील.

शून्य का लिहायचे आणि वर्षानुवर्षे का लिहायचे, याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ जोडपी घरटी करत होती. कोणीतरी ती मोजून ठेवली होती. १९९६-९७ मध्ये तिथेच पुन्हा मोजली तेव्हा १५० भरली. गिधाडे त्या काळात इतकी सर्वत्र होती की नुसत्या डोळ्यांना घट कळलीच नसती. जुना आकडा होता म्हणून कळली. पुढे २००४ मध्ये कारण सापडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडे गेली होती. तुमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम वापरायला सांगा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. पण मुद्दा त्या पहिल्या मोजणीचा आहे.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, तीत तुमचा तलाव घाला. फेब्रुवारीत चार दिवसांची परसातल्या पक्ष्यांची गणना असते, ती शाळेच्या पटांगणातूनसुद्धा करता येते. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा, म्हणजे त्या देशाच्या कामी येतील. मोबाइलमधले मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवते; ते सूचना म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नाही.

कॅमेरेवाल्यांचे. सगळे वाईट नसतात, काहींच्या छायाचित्रांनी मला अवघड पक्षी ओळखायला मदत केली आहे. पण एका उन्हाळ्यात एका पाहुण्याने धाविकाच्या घरट्याभोवतीचे गवत 'चित्रात आडवे येते' म्हणून उपटले. दोन अंडी होती, खड्यांच्या रंगाची. दुपारी मी पोचलो तेव्हा मादी दहा-पंधरा पावलांवर फिरत होती आणि अंडी उघड्यावर तापत होती. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. तेव्हापासून घरट्याची जागा आम्ही कोणालाही सांगत नाही, ओळखीच्यालाही नाही, आणि घरट्याचे चित्र समाजमाध्यमांवर टाकत नाही. तुम्हीही हा नियम पहिल्या दिवशी करा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे बंद. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) फरसाण, शेव टाकणे बंद. हल्ली होडीतून हे फार चालते, आणि तळलेले-खारवलेले पोटात गेलेला तो पक्षी हजारो किलोमीटर परतीला निघायचा असतो.

अंतर किती ठेवायचे हे मीटरमध्ये सांगून उपयोग नाही, पक्षी सांगतात. रोहित चरत असतात तेव्हा माना खाली, चोच उलटी पाण्यात. एकाने मान वर केली तर हरकत नाही. सगळ्यांनी माना वर करून एकाच दिशेने चालायला सुरुवात केली की होडी थांबली पाहिजे, त्याच क्षणी. उडाले तर तुम्ही चुकलात. हे होडीवाल्यांना शिकवावे लागत नाही, त्यांना माहीत असते. पाहुणा "अजून जवळ घ्या" म्हणतो तेव्हा नाही म्हणायला त्यांना आधार हवा असतो. म्हणून नियम होडीवाल्यांनी स्वतः लिहावेत आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने काठावर लावावेत. पाटी लावायचीच असेल तर ही, आणि तीही वर्षभर मोजल्यानंतर.

कोणी जाळे लावून लाव्हे-तितर धरताना, पोपट-मुनिया विकताना दिसला तर मुलांना पुढे करू नका. पक्षी धरणे, विकणे, अंडी काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवा. पण धरणारा गावचाच गरीब माणूस असेल तर आधी एकदा त्याच्या दारात जाऊन बसा. त्याच्याइतके पक्षी ओळखणारा तुमच्या गटात कोणी नसेल. विदर्भात वाशीम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनीच तणमोर या पक्ष्याची गवताळ राने राखायला घेतली.

उन्हाळ्याचे एक सांगायचे राहिले, कारण ते तुमच्या वेळापत्रकात बसत नाही, मुले सुट्टीवर असतात. मार्चपासून टिटव्या शेतात, नांगरटीच्या तोंडावर अंडी घालतात. बहुधा चार, टोके आत करून चौफुल्यासारखी मांडलेली, मातीच्याच रंगाची. पाणी आटल्यावर वर आलेल्या बेटांवर नदीसुरय घालतात; तिथे कुत्री पोहून जातात, म्हणून होडीवाल्यांना कुत्र्यांवर नजर ठेवायला सांगा. शेतातल्या टिटवीसाठी आम्ही पूर्वी घरट्याशेजारी काठीला रंगीत फडके बांधत असू. कावळे ते फडके ओळखायला शिकले. आता खूण नाही. ज्याचे शेत त्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला आदल्या दिवशी नेऊन जागा दाखवतो, बस्स. गेल्या एप्रिलमध्ये मी बांधावर उभा होतो. टिटवी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर पंख पसरून ओरडत होती, हलेना. पोराने वेग कमी केला, फाळ वर उचलला, दोन हात पुढे नेऊन पुन्हा खाली टाकला. नांगरलेल्या काळ्या रानात ताटाएवढा एक तुकडा तसाच राहिला, आणि ट्रॅक्टर बांधाला वळायच्या आत ती परत येऊन अंड्यांवर बसली.